धरणामागे राहिलेली गावे

सांगोला तालुक्यातल्या माझ्या मूळ गावाजवळून माण नदी वाहते, असे म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात वर्षाचे बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळीच असतात. गेल्या काही वर्षांत मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी या कोरड्या पात्रात कधीकधी पाणी येते, बंधारे भरतात, आणि गावाकडची माणसे सोलापुरात राहणाऱ्या आम्हा लोकांना फोन करून सांगतात की टेंभूचे पाणी आले. टेंभू हे कराडजवळचे कृष्णाकाठचे गाव आहे. तिथून कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी, सांगोला अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांपर्यंत आणले जाते. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला कोयना मिळते आणि टेंभू त्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे जे पाणी पोहोचते त्यात कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. हे पाणी ज्या खोऱ्यात साठते, ते खोरे आणि त्यातली गावे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी सोलापूरच्या माणसाने लिहायला हवे असे मला मनापासून वाटत आले आहे.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वाहत जाते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या उगमापासून पूर्वेकडे वळतात; ही मात्र डोंगरांच्या दोन भिंतींमधून लांबवर दक्षिणेला उतरते आणि पाटण तालुक्यात हेळवाकजवळ पूर्वेला वळते. नेमक्या त्याच वळणाच्या वरच्या बाजूला धरण बांधले गेले. 103 मीटर उंचीची ही भिंत 1964 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यामागे पन्नास किलोमीटरहून अधिक लांबीचा शिवसागर जलाशय उभा राहिला. 105 टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे हे पाणी कोयनेच्या पात्रापुरते राहिले नाही. सोळशी आणि कांदाटी या तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतही ते फांद्याफांद्यांनी आत शिरले. कांदाटीचे खोरे जलाशयाच्या पश्चिमेला, थेट सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले आहे. शिंदी, वळवण, मोरणी, अकल्पे, लामज, उचाट, निवळी ही त्या भागातली गावे. त्यांच्या एका अंगाला कोकणात तुटणारे कडे आहेत आणि दुसऱ्या अंगाला पाणी.

सोलापूरहून तिकडे जायचे म्हणजे पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, कोरेगाव करत सातारा गाठायचा आणि तिथून कासच्या पठारावरून जलाशयाकाठच्या बामणोलीला उतरायचे. या एका दिवसाच्या प्रवासात पाऊस मोजण्याची पट्टी पार बदलून जाते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटात त्याच्या दसपट पाऊस नेमाने पडतो. म्हसवडच्या परिसरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोडके माळ दिसतात, आणि कास ओलांडले की एकदम जांभूळ, अंजनी, हिरडा आणि कारवीचे रान सुरू होते. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे रान पाहताना आधी आनंद होतो आणि मग थोडा हेवाही वाटतो. इतके पाणी ज्यांच्या दारात आहे, त्यांना आयुष्यात काय कमी असेल, असे वाटून जाते. बामणोलीच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत बसलेल्या माणसांशी बोलू लागले की हा हेवा फार वेळ टिकत नाही.

त्या धक्क्यावर जमलेल्या सामानाकडे पाहिले तरी पलीकडच्या आयुष्याची कल्पना येते. सिमेंटची पोती, गॅसच्या टाक्या, कोंबडीच्या खाद्याच्या गोण्या, दवाखान्यातून आणलेल्या औषधांची पिशवी, मुंबईहून आलेल्या मुलाची बॅग, आणि लग्नाच्या बस्त्याची गाठोडी. पलीकडे दुकान नाही असे नाही. पण दुकानात येणारी प्रत्येक वस्तू अशीच पाण्यावरून जाते, आणि तिच्या किमतीत लाँचचे भाडे मिसळलेले असते. मोठी गाडी न्यायची असेल तर तापोळ्याकडे तराफा आहे. लाँचची वेळ आणि वारा यांचे जुळले नाही तर माणूस धक्क्यावरच रात्र काढतो. पावसाळ्यात जलाशय भरून वाहतो, वाऱ्याने लाटा उठतात, धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि तेव्हा आजारी माणसाला घेऊन पाण्यात लाँच घालायची की नाही हा निर्णय घरच्यांना आणि लाँचवाल्याला मिळून घ्यावा लागतो.

रस्ता अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. शिंदीहून रघुवीर घाट कोकणात खेडकडे उतरतो, आणि कांदाटी खोऱ्यातल्या अनेक गावांचा बाजारहाट, दवाखाना आणि पुढचे शिक्षण खेडशी जोडलेले आहे. म्हणजे जमिनीचा उतारा काढायला महाबळेश्वर तालुका आणि सातारा जिल्हा, आणि ताप आला तर रत्नागिरी जिल्हा. घाटात दरड कोसळली की खेडची एसटी बंद होते, आणि मग पुन्हा पाण्याचाच आधार उरतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरड आणि वादळी पाणी ही दोन्ही संकटे एकाच आठवड्यात येतात, कारण दोन्हींचे कारण एकच, धो धो पडणारा पाऊस. ज्या दिवसांत माणसे सर्वाधिक आजारी पडतात, नेमक्या त्याच दिवसांत दोन्ही दारे लागलेली असतात.

सातारा-महाबळेश्वरला येणारे पर्यटक या गावांविषयी बोलताना ती जगापासून कायमच तुटलेली होती असे गृहीत धरतात. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचाही सूर तसाच असतो: स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाली, तरी अमुक गावाला रस्ता नाही. या बातम्यांमध्ये एक मोठी गोष्ट सुटते. हे खोरे जुन्या काळी वाटांनी विणलेले होते. जावळीचे अरण्य घनदाट होते हे खरेच, चंद्रराव मोऱ्यांची सारी मदार त्या अरण्यावर होती आणि 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती याच मुलखाचे महत्त्व ओळखून. पण घनदाट असणे आणि तुटलेले असणे यांत फरक आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवरचा जुना दगडी पूल अजून उभा आहे. पार घाटाने देशावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे जात असे. हातलोटची वाट होती. चकदेवच्या कड्यावरून शिड्यांनी कोकणातल्या आंबिवलीला उतरायची वाट होती आणि माहीतगार माणसे आजही ती वापरतात. खालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून धान्य, तूप, हिरडा खाली जायचा. पर्वत गावच्या जोम मल्लिकार्जुनाला आणि चकदेवच्या देवाला घाटावरची आणि कोकणातली माणसे सारखीच येत. नदीच्या काठाने पायवाट आणि बैलवाट होती, आणि उन्हाळ्यात कोयना ठिकठिकाणी चालत ओलांडता येई.

वाटा नेहमी खोऱ्याच्या तळाशी असतात, कारण तिथे सपाटी असते, पाणी असते आणि गावे असतात. धरणाने तळच बुडवला. भाताची खाचरे बुडाली, नदीकाठची गावे बुडाली, आणि त्यांच्याबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची वाटही बुडाली. जी गावे पाण्याच्या पातळीच्या वर होती ती बुडाली नाहीत म्हणून बाधितही मानली गेली नाहीत. पण त्यांचे शेजारगाव गेले, सोयरीक गेली, बाजार गेला, नदी ओलांडायचा उतार गेला. ज्यांची शेते बुडाली त्यांतल्या अनेक कुटुंबांनी लांबच्या अनोळखी मुलखात जाण्यापेक्षा उतारावर थोडे वर सरकून घरे बांधली. आज ज्यांना आपण दुर्गम वस्त्या म्हणतो, त्यांतल्या कित्येक वस्त्यांचे दुर्गम होणे माझ्या आईवडिलांच्या हयातीतले आहे. ते निसर्गाने केलेले नाही. ते सरकारी निर्णयाने झाले, आणि त्या निर्णयाचा लाभ आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने घेतला आहे.

लाभ किती मोठा आहे, हेही तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1962 पासून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघू लागली, आणि टप्पे वाढत जाऊन कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉटपर्यंत पोहोचली. 13 मार्च 1999 रोजी जलाशयाच्या तळाला स्फोटाने छिद्र पाडून बोगद्यात पाणी घेण्याचा प्रयोग इथे यशस्वी झाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने तो कौतुकाने पाहिला. मुंबईचे कारखाने, लोकल गाड्या, आमच्या सोलापुरातले यंत्रमाग, यांना लागणाऱ्या विजेत या खोऱ्याचा वाटा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. ते पाणी वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातच राहणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना त्या आकड्याविषयी वाटते ते वाटतेच, आणि त्यावर आमच्याकडे पारावर तासन्‌तास बोलणी होतात. मात्र त्या बोलण्यांत पाणी पूर्वेला यावे की पश्चिमेला जावे एवढाच वाद असतो. ते जिथे साठते तिथल्या माणसांचा उल्लेख मी तरी तिथे ऐकलेला नाही.

शंभराच्या आसपास गावे या धरणाने उठवली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो 1976 मध्ये, म्हणजे कोयनेचे पाणी भरून डझनभर वर्षे उलटल्यावर. कोयनेच्या माणसांना 1894 च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याखाली मोबदला मिळाला, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन हा हक्क म्हणून मागण्याची सोय त्यांना नव्हती. सातारा, सांगली, सोलापूरपासून रत्नागिरी, रायगड, ठाण्यापर्यंत ही माणसे पांगवली गेली. त्यांचे उरलेले प्रश्न घेऊन डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांनी कितीतरी वर्षे लढे दिले, आणि ज्यांचे घर उठले त्यांची नातवंडे त्या आंदोलनांत बसलेली दिसली.

सोलापूर जिल्ह्यात आलेल्या अशा एका कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. त्यांच्या वसाहतीत गेले की एक गोष्ट आधी डोळ्यांत भरते, ती म्हणजे प्रत्येक घराभोवती लावलेली झाडे. आमच्याकडे दारात एखादा लिंब असतो. त्यांच्याकडे फणस जगवण्याची धडपड चाललेली असते. त्या घरातल्या थोरल्या आजी आता नाहीत. त्या असताना मला सांगायच्या, “आम्ही आलो तवा हितली काळी जमीन पायाला चिकटायची, नि पावसाळा कधी आला नि गेला ते कळायचंच न्हाई. नाचणी पेरली तर उगवंना. ज्वारी कशी काढायची ते तुमच्या माणसांनीच शिकवलं.” त्यांनी गावचा देव सोबत आणला होता, आणि नव्या जागी त्याची स्थापना करताना जुन्या देवळातला एक दगड पायात घातला होता. ज्यांनी आपल्याला ज्वारी शिकवली त्यांचे आभार त्या मानत असत. आपले खोरे ज्यांच्यासाठी सोडले तीच ही माणसे, असा विचार त्यांनी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. तो विचार माझा आहे.

त्या आजींच्या नातवाबरोबर मी कांदाटीकडे गेलो होतो. त्यांची काही भावकी धरणाच्या वेळी वर सरकून तिथेच राहिली. घर उंचावर, कारवीच्या कुडाच्या भिंतींचे, पुढे सारवलेले अंगण, मागे थेट जंगल. घरात म्हातारा-म्हातारी आणि एक सून, मुलगे मुंबईला. सातारच्या या डोंगरपट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत ओझी वाहत आली, आणि 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांच्या घामाला काही संरक्षण मिळाले. खोऱ्यातल्या देवळांवर आणि शाळांवर देणगीदार म्हणून जी नावे कोरलेली दिसतात, त्यांच्यापुढे बहुधा “मुंबईकर मंडळ” असेच लिहिलेले असते. गाव चालते ते मुंबईच्या पैशावर, आणि गावात राहतात ती ज्यांना मुंबईत खोली परवडत नाही अशी म्हातारी माणसे.

म्हातारीने आम्हाला नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढले. मी सोलापूरचा म्हटल्यावर त्यांनी विचारले, “तिकडं आमची माणसं हाईत. समदी बरी हाईत का?” मग त्यांनी नावानिशी चौकशी सुरू केली. त्या नावांतली काही माणसे कधीच वारली होती, आणि ते सांगण्याचे काम नातवाच्या वाट्याला आले. एका ओसरीवर बसून तो एकेक नाव घेत होता आणि म्हातारी “कधी?” एवढेच विचारत होती. दोन्ही घरे आजही महाराष्ट्रातच आहेत, मधले अंतर एका दिवसाचे आहे, तरी मृत्यूच्या बातम्या वर्षांनंतर पोहोचत होत्या. तळातली वाट बुडते तेव्हा काय काय बुडते, हे मला त्या ओसरीवर जितके समजले तितके कुठल्याही अहवालातून समजले नसते.

पाण्यामागून जंगलाचे नियम आले. 1985 मध्ये जलाशयाभोवतीचा मोठा भाग कोयना अभयारण्य झाला, आणि 2010 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. हे जंगल वाचले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. झाडे नसलेल्या मुलखात वाढलेल्या माणसाला जंगलाची किंमत कोणी सांगावी लागत नाही. पण जी माणसे पाण्यासाठी एकदा वर सरकली, त्यांनाच वाघासाठी पुन्हा उठायला सांगितले जाते, आणि उठायचे की नाही हे ठरेपर्यंत त्यांच्या वस्तीला रस्ता, वीज, शाळा यांपैकी काही द्यायचे नाही, असे वर्षानुवर्षे चालते. खिरखिंडी ही जावळी तालुक्यातली अशीच वस्ती. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि मग जंगलातून चालत शाळेत जातात, ही बातमी आल्यावर जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. त्या मुलींच्या धैर्याचे सगळीकडे कौतुक झाले. मला मात्र ती बातमी वाचताना करमाळ्याकडची आमची माणसे आठवत होती.

कारण पाण्यामागे राहण्याचा हा अनुभव सोलापूर जिल्ह्याला परका नाही. भीमेवर 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने करमाळा आणि इंदापूर यांच्यामध्ये असाच एक समुद्र उभा केला. पळसदेवचे जुने देऊळ बुडाले आणि पाणी खूप उतरले की ते अजून वर येते. काठावरच्या माणसांना पलीकडच्या गावी रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा पडतो, म्हणून ती होडीने जातात. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. उजनीच्या पाण्यावर आमचा ऊस, आमची डाळिंबे आणि सोलापूर शहराचे नळ अवलंबून आहेत. कुगावच्या बोटीविषयी आम्ही त्या आठवड्यात हळहळलो. कांदाटीच्या लाँचविषयी हळहळण्याचे तर आम्हाला कधी कारणच पडले नाही, कारण टेंभूच्या पंपांच्या वर काय आहे हे आमच्या पोरांना कोणी शिकवत नाही.

आता या खोऱ्याकडे नव्याने लक्ष वळले आहे. तापोळा आणि अहिर यांच्यामध्ये मोठा पूल उभारण्याचे काम हाती घेतले गेले. मुनावळ्याला 2024 मध्ये जलपर्यटन सुरू झाले. शेकडो गावांचा समावेश असलेल्या नवे महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थानाचा आराखडा चर्चेत आहे. पुलामुळे आजारी माणूस दवाखान्यात लवकर पोहोचेल, आणि एवढ्या एका कारणासाठीही तो पूल लवकर व्हावा. बाकीच्या आराखड्याची मात्र मला धास्ती वाटते. खोऱ्यातल्या जमिनी आताच बाहेरच्यांनी घेतल्याच्या गोष्टी लाँचमध्ये कानांवर पडतात. भातखाचरे गेलेल्या माणसाजवळ उतारावरचा वरकस तुकडा उरला होता. त्यावर तो नाचणी आणि वरी काढत होता. तो तुकडा रिसॉर्टला विकून आलेले पैसे मुंबईच्या खोलीच्या आगाऊ रकमेतच संपतील, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. धरणाच्या वेळी त्याला सरकारने उठवले. या वेळी तो सही करून स्वतः उठेल.

जी दोनचार कामे खरोखर करण्याजोगी आहेत, ती फारशी खर्चाची नाहीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी खोऱ्यातच राहणारा डॉक्टर आणि बाळंतपणाची सोय हवी. लाँच प्रवाशांसाठी वेळेवर सुटणारी हवी, पर्यटक मिळाले म्हणून गावकऱ्यांना थांबवणारी नको. नाचणी, मध आणि हिरडा यांना तिथल्या तिथे भाव देणारी खरेदी हवी. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित केले गेले, तसे काही पाण्याच्या या बाजूलाही होऊ शकते. व्याघ्र प्रकल्पातल्या वस्त्यांना उठवायचे असेल तर आधी जमीन दाखवावी, आणि उठवायचे नसेल तर त्यांना वीज आणि शाळा द्यावी. आणि जलाशयाच्या काठच्या गावांच्या या खर्चाला प्रकल्पाचाच खर्च मानावे, उपकार मानू नये, असे मला वाटते. वीज आणि पाणी यांची किंमत ठरवताना धरणाची भिंत, बोगदे, यंत्रे यांचा हिशेब होतो; पलीकडच्या काठाला जाण्याचे भाडे त्या हिशेबात साठ वर्षांत कधी धरलेले नाही. आमच्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीत टेंभूच्या पाणीपट्टीचा विषय पुढच्या वेळी निघेल तेव्हा मी हे भाडे मोजायला सांगणार आहे.